छंदमंचावरील अवांतर प्रतिसाद कसे हाताळावेत

छंदाला वाहिलेल्या कोणत्याही मंचावर अवांतर, म्हणजे विषय सोडून लिहिणे, होणारच, आणि ते समूळ थांबवणे हे मॉडरेटरचे, म्हणजे मंचावर देखरेख करणाऱ्याचे, काम नव्हे. प्रत्येक मजकूर त्याच्या योग्य जागी आहे की नाही हे पाहणे, आणि नसल्यास तो फारसा गाजावाजा न करता तिथे नेऊन ठेवणे, एवढेच त्याचे काम. दुर्बिणीच्या आरशाविषयी प्रश्न विचारणारा एक असतो आणि उत्तर देणारे पाच-सात असतात. परंतु तोच प्रश्न घेऊन पुढच्या काही वर्षांत शोधयंत्रातून त्या धाग्यावर, म्हणजे त्या प्रश्नाखालच्या चर्चेवर, येणारे वाचक कितीतरी अधिक असतात. हे वाचक सदस्य नसतात, प्रतिसाद लिहीत नाहीत आणि तक्रारही करीत नाहीत, त्यामुळे निर्णय घेताना त्यांचा विसर पडतो. एखादा प्रतिसाद अवांतर आहे का, या प्रश्नाचा निकाल लावताना त्या दिवशी ऑनलाइन असलेल्या सदस्यांच्या रागलोभाकडे पाहण्याऐवजी या उशिरा येणाऱ्या वाचकाच्या सोयीकडे पाहिले, तर निम्मे वाद उद्भवतच नाहीत.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. अवांतर आणि गैरवर्तन यांची गल्लत करू नये. अवांतर लिहिणारा सदस्य बहुधा उत्साही, माहीतगार आणि मंचावर मनापासून प्रेम करणारा असतो, फक्त त्याचे म्हणणे चुकीच्या जागी पडलेले असते. शिवीगाळ करणारा, काड्या टाकणारा किंवा एकाच वेळी दोन-तीन आयडींनी (खात्यांनी) वावरणारा सदस्य हा निराळा विषय आहे. पहिल्यासाठी मजकूर हलवायचा असतो, दुसऱ्यासाठी माणसाला आवरायचे असते. दोघांना एकच ताकीद, एकच ठरावीक निरोप आणि एकच लाल अक्षरांतली सूचना देणाऱ्या मंचावरून चांगले लिहिणारे हळूहळू निघून जातात, आणि काड्या टाकणारे मात्र टिकतात, कारण त्यांना ताकिदीचे काही वाटत नाही.

हा प्रश्न इंटरनेटइतकाच जुना आहे. १९८० च्या सुमारास सुरू झालेल्या यूजनेट या संगणकांवरील चर्चागटांच्या जाळ्यावर चर्चागटांची संख्या इतकी वाढली की १९८७ मध्ये त्यांची नव्याने विभागणी करावी लागली, आणि छंद व मनोरंजनासाठी ‘रेक’ हा स्वतंत्र वर्ग तयार झाला. काही गट मॉडरेटरच्या हाताखाली होते, म्हणजे पाठवलेला प्रत्येक संदेश आधी त्याच्याकडे जाई आणि त्याने मान्य केल्यावरच गटात दिसे. एप्रिल १९९४ मध्ये दोन वकिलांनी अमेरिकेच्या ग्रीन कार्ड लॉटरीची जाहिरात हजारो गटांत एकाच वेळी टाकली, तेव्हा विषयाशी संबंध नसलेला मजकूर किती त्रासदायक होऊ शकतो हे सर्वांना दिसले. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९९५ मध्ये, इंटरनेटविषयीच्या ‘आरएफसी’ या दस्तऐवजमालेतील १८५५ व्या दस्तऐवजात ऑनलाइन शिष्टाचाराचे संकेत एकत्र लिहिले गेले. योग्य विभाग, पूर्वमान्यता आणि लेखी संकेत हे तीनही उपाय आजही तेच आहेत. त्यांपैकी पूर्वमान्यता मात्र छंदमंचावर शक्यतो सरसकट लावू नये. संध्याकाळी विचारलेला प्रश्न दुसऱ्या दिवशी दुपारी दिसणार असेल, तर संभाषण उभेच राहत नाही. ती फक्त नव्या आयडीच्या पहिल्या काही प्रतिसादांपुरती ठेवावी, कारण जाहिरातबाज बहुतेक तिथेच सापडतात.

अवांतर ओळखताना

सर्व अवांतर सारखे नसते. सर्वांत साधा प्रकार म्हणजे चुकलेले दार: भिंगावरील बुरशीचा प्रश्न खरेदी-विक्री विभागात विचारला जातो. येथे धागा योग्य विभागात हलवावा, जुन्या जागी काही दिवस दुवा राहू द्यावा, आणि धागाकर्त्याला एका ओळीत कळवावे. याहून अधिक काही करण्याची गरज नसते. जाहिराती आणि स्पॅम यांच्याविषयीही फार विचार करावा लागत नाही, ते काढून टाकावेत.

खरे कौशल्य लागते ते फाटा फुटलेल्या चर्चेत. मत्स्यपालनाच्या मंचावर एक नवखा सदस्य विचारतो की नव्या टाकीतील मासे पृष्ठभागावर येऊन धापा का टाकत आहेत. दुसरा प्रतिसाद योग्य असतो: नव्या टाकीत अमोनिया पचवणारे जिवाणू अजून वाढलेले नसतात, त्यांना स्थिरावायला काही आठवडे लागतात, तेव्हा आधी पाण्यातील अमोनिया व नायट्राइट तपासा, थोडे पाणी बदला आणि खाणे कमी करा. चौथ्या प्रतिसादात कोणीतरी फिल्टरचा विषय काढतो, सहाव्यापासून दोन अनुभवी सदस्यांत स्पंज फिल्टर चांगला की बाहेरचा कॅनिस्टर यावर जुंपते, आणि विसाव्या प्रतिसादापर्यंत नवख्याचे मासे कोणाच्याच लक्षात राहत नाहीत. ही फिल्टरची चर्चा निरुपयोगी नाही. कदाचित त्या महिन्यातील ती सर्वांत माहितीपूर्ण चर्चा असेल. म्हणूनच ती उडवणे चूक, आणि आहे तिथे राहू देणेही चूक. तिचा वेगळा धागा करावा.

धागा वेगळा करण्याची सोय आता मंच चालवणाऱ्या जवळजवळ प्रत्येक संगणक-प्रणालीत आहे. पीएचपीबीबी या प्रणालीमध्ये निवडक प्रतिसाद किंवा एका प्रतिसादापासून पुढचे सर्व प्रतिसाद नव्या धाग्यात नेता येतात. डिस्कोर्स या दुसऱ्या प्रणालीमध्ये प्रतिसाद निवडून हलवले की मूळ जागी तशी छोटी नोंद दुव्यासह आपोआप उमटते. तांत्रिक कृती एका मिनिटाची असते, परंतु तिच्या आधी काही गोष्टी पाहून घ्याव्या लागतात. पहिली म्हणजे नेमका सांधा शोधणे. चर्चा वळली ती सहाव्या प्रतिसादात, पण त्याचे बीज चौथ्यात असेल, तर चौथा प्रतिसाद हलवायचा की नाही? माझ्या मते ज्या प्रतिसादात मूळ प्रश्नाचे थोडेसेही उत्तर आहे, तो मूळ धाग्यातच ठेवावा आणि नव्या धाग्याच्या सुरुवातीला त्याचा दुवा द्यावा. दुसरे असे की मधल्या काळात एखाद्याने एकाच प्रतिसादात माशांविषयीही लिहिलेले असते आणि फिल्टरविषयीही. असा प्रतिसाद कापून दोन करू नये, कारण दुसऱ्याच्या लिखाणावर कात्री चालवणे हे हलवण्याहून फार वेगळे काम आहे. तो आहे तिथे राहू द्यावा, किंवा लेखकालाच विनंती करावी.

नव्या धाग्याचे शीर्षक हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. “अमुक धाग्यातील अवांतर चर्चा” असे शीर्षक दिले की त्या धाग्याचा मृत्यू ठरलेला असतो. शिवाय त्यात लिहिणाऱ्या सर्वांना आपल्याला कोपऱ्यात उभे केल्यासारखे वाटते. “लहान टाकीसाठी स्पंज फिल्टर की कॅनिस्टर?” असे शीर्षक दिले, तर तेच सदस्य उलट खूश होतात, कारण त्यांच्या चर्चेला स्वतःचे घर मिळते आणि तो विषय शोधणाऱ्यालाही ती सापडते. धागाकर्ता म्हणून ज्याचे नाव वर येणार आहे, त्याला आधी किंवा लगेच व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा. आपण न काढलेल्या धाग्याचे आपण कर्ते झालो, हे अनेकांना आवडत नाही.

वेळेचेही महत्त्व आहे. चर्चा वळल्यावर तीन-चार प्रतिसादांत एखाद्याने “यावर वेगळा धागा काढू या” असे म्हटले, तर मॉडरेटरच्या अधिकाराची गरजच पडत नाही, आणि हे वाक्य मॉडरेटरने नव्हे, एखाद्या जुन्या सदस्याने लिहिले तर अधिक चांगले. साठ प्रतिसाद झाल्यावर धागा फोडायला बसले की एकमेकांना दिलेली उत्तरे इकडची तिकडे जातात, अवतरणांचे संदर्भ तुटतात, आणि दोन्ही धागे अर्धवट वाचल्यासारखे वाटतात. इतका उशीर झाला असेल तर धागा न फोडता त्याचे शीर्षकच व्यापक करावे, आणि पहिल्या प्रतिसादाच्या खाली मूळ उत्तराचा दुवा चिकटवून द्यावा. धागे जोडतानाही सावधगिरी हवी: बहुतेक प्रणाली प्रतिसाद तारखेनुसार मांडतात, त्यामुळे दोन स्वतंत्र संभाषणे एकमेकांत मिसळून त्यांची खिचडी होते.

अवांतराचे एक मोठे कारण मुळातच दुबळ्या शीर्षकात असते, याकडेही लक्ष वेधावेसे वाटते. “मदत हवी”, “नवा आहे, मार्गदर्शन करा” अशा धाग्यात विषयाची कुंपणेच नसल्यामुळे प्रत्येक जण आपल्या आवडीचे लिहितो. शीर्षक दुरुस्त करणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी दुखावणारा उपाय आहे. डिस्कोर्समध्ये नियमित वावरातून मिळणाऱ्या विश्वासाच्या तिसऱ्या पातळीवर पोचलेल्या सामान्य सदस्यांनाही शीर्षक व विभाग बदलण्याचा अधिकार मिळतो, आणि ही व्यवस्था शहाणपणाची आहे, कारण झाडलोटीचे काम अनेक हातांत वाटले की मॉडरेटरकडे पोलिसाप्रमाणे पाहिले जात नाही.

गप्पा, नेहमीची भांडणे आणि राजकारण

ओळखीपाळखीच्या गप्पा हे छंदमंचाचे वंगण आहे. वर्षानुवर्षे एकमेकांना वाचणारे लोक फक्त निबविषयी किंवा बोन्सायच्या छाटणीविषयीच बोलतील अशी अपेक्षा ठेवणे माणसाच्या स्वभावाला धरून नाही. म्हणून गप्पांसाठी एक विभाग असावा, आणि तो कसा ठेवायचा हे आधीच ठरवावे. त्यातील धागे मुखपृष्ठावरील ताज्या यादीत येऊ नयेत, तिथल्या प्रतिसादांची सदस्याच्या एकूण संख्येत भर पडू नये, आणि काही दिवस मंचावर वावरल्याशिवाय तिथे लिहिता येऊ नये. शेवटची अट महत्त्वाची आहे. छंदाशी काहीही देणेघेणे नसलेली मंडळी थेट गप्पांच्या विभागात येऊन तळ ठोकतात आणि काही महिन्यांत मंचाचे रूप पालटून जाते, हे टाळायचे असेल तर दार मुख्य विभागांतूनच असावे. गप्पांच्या विभागाला शिष्टाचाराचे नियम तितकेच लागू राहतात, हेही एकदा लिहून ठेवावे, कारण “हा तर अवांतराचाच विभाग आहे” ही सबब हमखास पुढे येते.

प्रत्येक छंदात काही सदाबहार भांडणे असतात. छायाचित्रणात फिल्म की डिजिटल, पेनांच्या जगात महाग पेन खरेच चांगले लिहिते का, आकाशनिरीक्षणात अपवर्तक दुर्बीण की परावर्तक. कोणत्याही धाग्यात ठिणगी पडली की ही पेटतात. अशा प्रत्येक विषयाचा एक कायमचा धागा करून तो विभागाच्या वर चिकटवावा, आणि दुसरीकडे वाद सुरू झाला की तिथे बोट दाखवावे. वाद मिटणार नाही. तो मिटावा अशी अपेक्षाही नसावी.

राजकारण व धर्म यांच्याबाबतीत बहुतेक छंदमंच सरसकट बंदीचा मार्ग घेतात, आणि लहान मंचासाठी तो योग्यच आहे. अडचण येते ती छंदालाच भिडणाऱ्या धोरणांत. हॅम रेडिओचे परवाने, ड्रोन उडवण्याचे नियम, विशिष्ट जातीचे मासे किंवा वनस्पती बाळगण्यावरील निर्बंध, हे सरकारी निर्णय असले तरी छंदाच्या दृष्टीने पूर्णपणे विषयाला धरून आहेत. येथे उपयोगी पडणारी रेषा अशी: नियम काय आहे, तो कसा पाळायचा, त्याचा छंदावर काय परिणाम होईल आणि त्यावर अधिकृत हरकत कुठे नोंदवायची, इथपर्यंतची चर्चा विषयात, नियम करणारा पक्ष, नेता किंवा त्याला मत देणारे लोक यांच्यावरील टिप्पणी विषयाबाहेर. रेषा आखली की ती सर्व बाजूंना सारखी लावावी. २०१९ मध्ये विणकामाच्या रॅव्हेल्री या मोठ्या संकेतस्थळाने अमेरिकेच्या तत्कालीन राष्ट्राध्यक्षांना पाठिंबा दर्शवणारा मजकूर बंद केला, तेव्हा निर्णयाचे स्वागत आणि विरोध दोन्ही मोठ्या प्रमाणावर झाले. अशा निर्णयाच्या बाजूने कोणी असो वा नसो, एवढे खरे की तो कारणांसह, लेखी आणि उघडपणे जाहीर करावा लागतो. एकेक प्रतिसाद गुपचूप उडवत तो अमलात आणता येत नाही.

सदस्यांची मते आणि यंत्राची चाळणी

निवाडा सदस्यांच्या मतांवर सोपवण्याचे प्रयोगही झाले आहेत. १९९७ मध्ये सुरू झालेल्या स्लॅशडॉट या तंत्रज्ञानविषयक बातम्यांच्या संकेतस्थळाने पुढे सामान्य वाचकांतील काही जणांना इतरांच्या प्रतिसादांवर वापरण्यासाठी मर्यादित गुण दिले; प्रतिसादाला उणे एक ते पाच इतके गुण मिळत आणि गुण कापताना ‘अवांतर’ हे कारण निवडता येई. प्रतिसाद पुसला जात नसे, फक्त खाली जाई, आणि किती खालपर्यंतचे वाचायचे हे वाचक ठरवी. मोठ्या संकेतस्थळासाठी ही रीत उत्तम आहे. दीड-दोनशे सक्रिय सदस्यांच्या छंदमंचावर मात्र मते इतकी कमी पडतात की त्यांतून काहीच ठरत नाही, आणि बरोबर उत्तरापेक्षा विनोदी शेऱ्याला अधिक पसंती मिळते. अशा ठिकाणी मतांपेक्षा ‘मॉडरेटरला कळवा’ हे बटण अधिक कामाचे, फक्त त्यावर आलेल्या प्रत्येक तक्रारीला दोन ओळींचे का होईना उत्तर गेले पाहिजे.

अतिकडकपणाचा धोका कुठे पोचतो हे स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाने दाखवले. प्रश्न विषयाला धरून नसल्यास तो बंद करण्याची तिथली शिस्त कडक आहे आणि त्यामुळे उत्तरांचा संग्रह फार स्वच्छ राहिला. पण २०१८ मध्ये चालकांनीच जाहीरपणे मान्य केले की अनेकांना, विशेषतः नवख्यांना, तिथे परके वाटते. छंदमंचाला दोन्ही गोष्टी हव्या असतात, आणि नवखा हरवला तर छंदच म्हातारा होतो.

शब्द चाळणाऱ्या यंत्रणेवर विसंबून राहू नये. १९९६ मध्ये एओएल या अमेरिकन इंटरनेट सेवेच्या चाळणीने स्कनथॉर्प या इंग्लंडमधील गावच्या रहिवाशांना खाती उघडू दिली नाहीत, कारण गावाच्या नावात एक असभ्य शब्द दडलेला होता. पक्षिनिरीक्षणाच्या इंग्रजी मंचांवर तर काही पक्ष्यांच्या प्रचलित नावांमुळेच अशी चाळणी बिघडते. यंत्राने संशयित प्रतिसाद बाजूला काढावा, निर्णय माणसाने घ्यावा.

कारवाईची भाषा

कृतीची नोंद उघड असावी, समज खाजगीत द्यावी. धाग्यात एवढेच लिहावे: “फिल्टरविषयीचे सहा प्रतिसाद नव्या धाग्यात हलवले आहेत, दुवा खाली दिला आहे. येथे टाकीतील अमोनियाविषयी चर्चा चालू ठेवावी.” कोणाचे नाव नको, उद्गारचिन्ह नको, “कितीदा सांगायचे” हा सूर तर मुळीच नको. वारंवार तेच करणाऱ्या सदस्याला व्यनि करावा, आणि त्यात नेमका प्रतिसाद, लागू होणारा नियम व पुढे काय अपेक्षित आहे हे तीनही असावे. व्यनि दोन मॉडरेटरांच्या माहितीत असलेला बरा, म्हणजे पुढे “मला असे कोणी कळवलेच नाही” किंवा “मला धमकावले” असा वाद झाल्यास नोंद हाताशी राहते.

ज्या वादात आपण स्वतः उतरलो आहोत, त्यात मॉडरेटरने कारवाई करू नये. सहकाऱ्याला बोलवावे, मग त्याला सहा तास का लागेनात. मॉडरेटर म्हणून लिहिलेला मजकूर वेगळ्या रंगात किंवा वेगळ्या आयडीने असेल, तर स्वतःची मते त्या रंगात कधीही लिहू नयेत. तापलेला धागा लगेच कायमचा वाचनमात्र करण्याऐवजी आधी त्याची गती कमी करावी: प्रत्येकाला तासाभरात एकच प्रतिसाद लिहिता येईल अशी सोय अनेक प्रणालींत आहे, आणि एक रात्र धागा बंद ठेवून सकाळी उघडला तरी बराच फरक पडतो. प्रतिसाद काढायचाच झाला तर तो झाकावा, समूळ पुसू नये, म्हणजे चूक लक्षात आल्यास परत आणता येतो. मॉडरेशनविषयीच्या तक्रारींना मूळ धाग्यात थारा देऊ नये, कारण ते अवांतराचेच आणखी एक रूप आहे. त्यासाठी स्वतंत्र विभाग असावा. मेटाफिल्टर या चर्चेच्या संकेतस्थळाने याच कामासाठी मेटाटॉक हा वेगळा विभाग ठेवला.

शिक्षा पायरीपायरीने वाढवावी. सामायिक पाणी, कुरणे आणि मासेमारी सांभाळणाऱ्या समुदायांचा अभ्यास करून २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी नोंदवले होते की दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थांत पहिल्या चुकीला सौम्य शिक्षा असते आणि पुनरावृत्तीबरोबर ती वाढते. मंचालाही हे तंतोतंत लागू पडते: आठवण, मग लेखी समज, मग त्या धाग्यापुरती बंदी, मग मुदतीची बंदी. केवळ अवांतरासाठी कायमची बंदी घालण्याची वेळ जवळजवळ येत नाही. ती आली असे वाटले, तर बहुधा मामला अवांतराचा राहिलेला नसतो.

मुदतीच्या बंदीची तारीख प्रणालीतच भरून ठेवावी, म्हणजे आयडी ठरल्या दिवशी आपोआप सुरू होतो आणि सदस्याला अर्जविनंत्या कराव्या लागत नाहीत. तो परतल्यावर त्याच्या पहिल्या प्रतिसादाखाली जुन्या प्रकरणाचा उल्लेख कोणी केला, तर तो उल्लेख लगेच झाकावा आणि उल्लेख करणाऱ्याला व्यनि करावा, मग तो कितीही जुना सदस्य असो.